कोबेलोंच्या भिंतीवरची फुली

घरात इंटरनेट घ्यायचं ठरलं तेव्हा देउसदेदित कोबेलोंनी त्या कामाला दोन दिवस धरले होते. एक दिवस चौकशीचा, एक जोडणीचा. पस्तीस वर्षं घायपाताच्या मळ्यावर वजनकाट्याशी बसलेला माणूस. गठ्ठा आला, काट्यावर चढला, आकडा लिहिला, गठ्ठा उतरला. जगातली सगळी कामं अशीच होतात अशी त्यांची समजूत होती, आणि निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी ती कुणी मोडली नव्हती. ते काम इंटरनेट कंपन्यांच्या नशिबी होतं.

कारण होती एडिथा, त्यांची एकुलती एक मुलगी. दार-एस-सलामच्या एका मोठ्या कंपनीने तिला नोकरी दिली होती. फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकायच्या आणि न चिडता उत्तरं द्यायची. घरी चांगलं इंटरनेट असेल तर मोरोगोरोत घरी बसून काम करा, नसेल तर दारला येऊन ऑफिसात बसा, असं पत्रात स्वच्छ लिहिलं होतं. रुजू व्हायला दोन महिने होते. याआधी एडिथा शिकायला चार वर्षं दारला होती, आणि ती चार वर्षं कोबेलोंनी कशी काढली ते त्यांचं त्यांना ठाऊक. पण सव्वीस वर्षांच्या मुलीला, ती कमावती होत असताना, बापाने ‘जाऊ नकोस’ म्हणायचं हे काही त्यांच्या तोंडातून निघत नव्हतं. म्हणून ते सगळ्यांना सांगत, “जाईना का दारला. तिथे कंपनी आहे, पगार आहे. मी आपलं बातम्या बघायला नेट घेतोय.”

हे ते ज्यांना सांगत ते लोक रोज सकाळी त्यांच्याच घरासमोरच्या ओट्यावर बसलेले असत. किहोंडा भागात ओटा बांधणं सोपं, त्यावरून माणसं उठवणं कठीण. एक होते म्झे पाझी, म्हणजे वडीलधारे पाझी, दहा घरांचे प्रमुख. सरकारदरबारी त्या दहा घरांत कोण जन्मलं, कोण मेलं, कोण भाड्याने आलं याची साक्ष तेच देत. दुसरा टेमू, शेजारी राहणारा, बांधकाम सामानाच्या दुकानाचा मालक. आणि तिसऱ्या झुहुराबी, मांदाझी, म्हणजे गोडसर पुऱ्या, तळून विकणाऱ्या. त्यांना बसायला वेळ नसे, त्यामुळे त्या उभ्याने दोघांपेक्षा जास्त बोलत.

“बातम्यांना नेट कशाला हवं?” झुहुराबी म्हणाल्या. “मी आहे की.”

पहिली गाठ पडली ‘न्युकी’ कंपनीशी. त्यांची एक पेटी मिळत होती. सिमकार्ड घालायचं, पेटी खिडकीत ठेवायची, झालं. दुकानातली मुलगी गोड होती.

“हा आमचा अमर्याद पॅक, बाबा.”

“अमर्याद म्हणजे किती?”

“तीस जीबी.”

कोबेलो वजनकाट्याचे माणूस. ते खुर्ची ओढून बसले. “पोरी, तीस हा आकडा आहे. आकडा आला की मर्यादा आली.”

“तीसनंतर पण चालू राहतं, बाबा. फक्त वेग जरा कमी होतो.”

“किती कमी?”

मुलगी खोटं बोलणारी नव्हती. तिने विचार केला आणि म्हणाली, “सकाळी फोटो मागवला तर जेवणापर्यंत डोकं दिसतं.”

दुसरी ‘उपेपो’. यांची छपरावर थाळी लागायची आणि थाळीला समोरचा मनोरा दिसावा लागायचा. दोन जण बूट घालून पत्र्यावर चढले, तासभर इकडून तिकडे फिरले आणि खाली उतरून म्हणाले की मनोरा दिसत नाही, मध्ये शेजाऱ्याचा तिसरा मजला येतो. हा तिसरा मजला टेमूचा होता. त्याला भिंती होत्या, छप्पर नव्हतं, आणि सहा वर्षं तो तसाच उभा होता. मजला काही टेमू पाडणार नव्हता. मात्र वर चढलेल्या बुटांनी पत्र्याला तीन भोकं पडली आहेत हे त्यानेच खालून दाखवलं. “डांबर आहे माझ्याकडे,” तो म्हणाला. “शेजारधर्म म्हणून पाच टक्के सूट देतो.”

राहिली ‘कोरोंगो’. तारवाली कंपनी, महिना पस्तीस हजार शिलिंग, मर्यादा खरंच नाही. एडिथाने कागद तीनदा वाचून खात्री केली होती. फक्त फोन करून नाव नोंदवायचं होतं. आता कुणाला फोन करायचा म्हणजे आधी विचारपूस आली. कोबेलोंनी विचारलं, सकाळ कशी उजाडली, घरचे कसे, कामाचं कसं, पोरंबाळं बरी ना, दारला उकाडा फार असेल. पलीकडची बाईही चांगल्या घरची. तिने सगळ्याला नीट उत्तरं दिली आणि तेवढंच उलट विचारलं. “मला जोडणी…” एवढं कोबेलो म्हणाले आणि फोनमधले पैसे संपले. दुसऱ्या वेळी त्यांनी उकाडा गाळला, तर गाडी ‘किहोंडा’पर्यंत पोचली. तिसऱ्या वेळी त्यांनी मन घट्ट करून, काही न विचारता, थेट कामाचं बोलून टाकलं. काम झालं, पण दिवसभर त्यांना कुणाच्या तरी घरात न विचारता शिरल्यासारखं वाटत राहिलं.

कोरोंगोला एक पत्र हवं होतं. देउसदेदित कोबेलो हे देउसदेदित कोबेलोंच्या घरात राहतात, असं. ते आधी म्झे पाझींनी द्यायचं आणि मग त्यावर वस्तीच्या अध्यक्षांनी सही करायची. म्झे पाझी बावीस वर्षं त्याच घरासमोरच्या ओट्यावर त्याच घरातला चहा पीत होते. आत्ताही कप हातातच होता.

“तुम्ही इथे राहता हे मला माहीत आहे, कोबेलो,” ते म्हणाले. “पण पाझीला माहीत असणं वेगळं आणि प्रमुखाला माहीत असणं वेगळं. प्रमुखाकडे अर्ज यायला हवा.”

अर्ज लिहिला. तो ओट्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे दिला. शिक्क्याची शाई वाळली होती, म्हणून तिच्यावर चहाचे चार थेंब टाकण्यात आले. मग अध्यक्षांची कचेरी. अध्यक्ष मयताला गेले होते. संध्याकाळी येतील? सांगता येत नाही. तिथेच गाठा. कोबेलो तिथे गेले. मयताच्या घरी जाऊन सही मागायची म्हणजे शोभत नाही, म्हणून ते आधी रांगेत बसले, मग मदतीच्या वहीत नाव घातलं, मग खांदा दिला, मग पिलाव खाल्ला, आणि हात धुताना अध्यक्षांपुढे कागद धरला. अध्यक्षांनी ओल्या हाताने सही केली आणि म्हणाले, “तुमचे फार जवळचे होते वाटतं.” कोबेलोंनी मान हलवली. गेलेला माणूस कोण होता हे त्यांना आजतागायत कळलेलं नाही.

फॉर्म भरला. सात दिवसांत आमचे लोक पाहणी करून जातील, असं कंपनी म्हणाली. कोबेलो आठ दिवस घराबाहेर पडले नाहीत. नवव्या दिवशी त्यांना पेन्शनच्या कचेरीत आपण जिवंत आहोत हे दाखवायला जायचं होतं. ते न दाखवून चालत नाही. त्यांची बायको स्कोलास्तिका बाजारात गेली होती, एडिथा चर्चमध्ये गाण्याच्या सरावाला. दुपारी कोबेलो जिवंत असल्याचा कागद खिशात घालून परत आले, तर घरासमोर तीसेक माणसं गप्प उभी होती.

रस्त्याकडच्या भिंतीवर, खिडकीच्या शेजारी, हातभर लांबीरुंदीची लाल फुली होती.

ही फुली म्हणजे काय हे तिथे कुणाला सांगावं लागत नाही. पोरं मुळाक्षरं नंतर शिकतात, हे आधी शिकतात. रस्तेवाले येतात, फीत लावतात, फुली मारून जातात, आणि मग एक दिवस बुलडोझर येतो. हिरवी फुली असेल तर घर जातं पण भरपाई मिळते. लाल असेल तर तुम्ही रस्त्याच्या जागेत बांधलंत, आपलं सामान उचला आणि चालू लागा.  कोबेलो आपल्याच ओट्यावर पाहुण्यासारखे कडेला बसले. इंटरनेटची आठवण कुणालाच झाली नाही. आग लागलेल्या घरात दुधाच्या रतिबाचं कोण विचारतो?

म्झे पाझींनी टोपी काढली. झुहुराबींनी टोपलंभर मांदाझी आणून ठेवली आणि पैसे घेतले नाहीत. बावीस वर्षांत असं प्रथमच घडलं होतं, आणि प्रकरण किती गंभीर आहे ते कोबेलोंना खरं त्यावरून कळलं. टेमू मात्र कामाचा माणूस. तो फीत घेऊन खिडक्या मोजत होता.

“वाईट वाटून घेऊ नका, म्झे,” तो म्हणाला. “आत्ता काढल्या तर भाव बरा येईल. बुलडोझर आल्यावर काचेला कोण विचारतो? दारं पण बघून ठेवतो.”

“घर अजून उभं आहे, टेमू.”

“म्हणून तर भाव आहे.” मग आवाज खाली आणून तो म्हणाला, “दुसरा एक मार्ग आहे. हिरवा रंग. माझ्याकडे आहे डबा. पहाटे उठायचं, लालावरून हिरवा फिरवायचा. घर जाईल, पण भरपाई तरी हातात पडेल. ब्रश मी फुकट देतो.”

“ते रस्तेवाल्यांच्या वहीत लाल लिहिलं असेल की,” म्झे पाझी म्हणाले.

“वही कोण बघतो, म्झे? भिंत सगळे बघतात.”

संध्याकाळी तिघं मक्याच्या पिठाची उगाली खायला बसले. स्कोलास्तिका पदराने डोळे पुसत होती. एडिथा बराच वेळ भाजी चिवडत होती. मग ती म्हणाली, “मी दारला नाही जात.”

“म्हणजे?”

“घराचं काय ते होईपर्यंत तुम्हा दोघांना असं टाकून कशी जाऊ? कंपनीला कळवलंय मी. चर्चच्या शाळेत मुलांना कॉम्प्युटर शिकवायला माणूस हवाय. फादर म्हणाले, सोमवारपासून ये.”

कोबेलोंनी पाण्याचा पेला उचलला आणि तोंडापुढे धरून ठेवला. घर चाललं होतं, आणि त्यांना आनंद झाला होता. इतका आनंद त्यांना पेन्शन सुरू झाली तेव्हाही झाला नव्हता. त्या आनंदाची त्यांना मनापासून लाज वाटली, पण तो काही कमी होईना.

दुसऱ्या दिवशी ते रस्तेवाल्यांच्या कचेरीत गेले. तिथल्या साहेबांनी यादी काढली, वरून खाली बोट फिरवलं, मग खालून वर फिरवलं.

“तुमचं घर यादीत नाही.”

“म्हणजे पाडणार नाहीत ना?”

“यादीत नाही म्हणजे यादीत नाही. पाडणार नाही असं मी म्हटलेलं नाही.”

“मग फुली कुणी मारली?”

“आमच्या यादीत नसलेल्या फुलीबद्दल मी बोलू शकत नाही. मोठी यादी राजधानीत, डोडोमाला आहे.” साहेब सज्जन होते. ते पुढे झुकून म्हणाले, “आणि फुली पुसू नका. ती आमची असेल तर गुन्हा आहे. आमची नसेल तर मला माहीत नाही.”

एवढं झाल्यावर पाडायच्या घराला इंटरनेट कशाला, म्हणून कोबेलो आठवड्याने कोरोंगोच्या ऑफिसात अर्ज मागे घ्यायला गेले. तिथल्या मुलीने त्यांना वाकून ‘शिकामो’ असा मोठ्यांना करायचा नमस्कार केला. त्यांनी ‘मराहाबा’ म्हटलं आणि कागद पुढे सरकवला. ती कॉम्प्युटरात बघत राहिली.

“तुमचा अर्ज आम्ही आधीच बंद केलाय, बाबा. आमचा खांब तुमच्या घरापासून फार लांब आहे, तार पोचत नाही. पाहणीवाले फुली मारून आले ना?”

“काय मारून आले?”

“फुली. तार जाणार असेल तिथे बरोबरची खूण करायची, नसेल तिथे फुली. आम्ही खडूने करा म्हणून सांगितलं होतं, पण त्यांचा खडू संपला, मग त्यांनी रंग वापरला. सॉरी हं, बाबा. धुतलं की जाईल.”

कोबेलोंनी पुढे सरकवलेला कागद परत घेतला. त्यांना आधी संताप आला. आठ दिवस माणसं घरी येऊन उसासे टाकत होती. रविवारी फादरांनी भर मिस्सेत ‘संकटात सापडलेल्या कोबेलो कुटुंबासाठी’ प्रार्थना करवली होती. टेमूने स्वयंपाकघराच्या दाराला बयाणा देऊ केला होता. हे सगळं एका संपलेल्या खडूपायी. मग संताप ओसरला आणि त्यांना हायसं वाटलं, घर वाचलं. आणि ऑफिसच्या पायऱ्या उतरता उतरता शेवटच्या पायरीवर त्यांच्या लक्षात आलं की घर वाचलं म्हणजे एडिथाला थांबायचं कारण उरलं नाही, आणि तार पोचत नाही म्हणजे घरून काम नाही. फुली खरी होती तोवर मुलगी घरी होती. फुली खोटी ठरली की ती दारच्या बसमध्ये बसणार.

ते घरी चालत आले. बसने आले असते तर लवकर पोचले असते. स्कोलास्तिका खोक्यात पातेली भरत होती. तिच्याशी काही ते खोटं बोलू शकले नाहीत. दार लावून घेऊन त्यांनी तिला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, हातातलं पातेलं खाली ठेवलं, आणि एडिथा आसपास नाही ना हे खिडकीतून बघितलं.

“अजून कुणाला बोललात?”

“नाही.”

“मग आता कशाला बोलताय?” आणि तिने पातेलं पुन्हा उचलून कागदात गुंडाळलं. “तुम्ही भिंतीवरची घड्याळं, तसबिरी काढून घ्या. घर रिकामं होताना दिसलं पाहिजे.”

“अगं, हे फसवणं झालं.”

“एडिथाचे बाबा, दोन वर्षांपूर्वी ती परत आली त्या दिवशी तुम्ही तीन वेळा जेवलात. मी मोजलंय. गप्प बसा.”

कोबेलो गप्प बसले. पण गप्प बसणं हेही काम असतं आणि त्याचे हाल असतात. पाडलं न जाणारं घर पाडलं जाणार म्हणून रोज सकाळी ओट्यावर सांत्वन स्वीकारायचं. “सरकारपुढे कुणाचं चाललंय?” असं झुहुराबी म्हणाल्या की मान हलवायची. मान हलवून हलवून त्यांची मान दुखायला लागली. टेमूने खिडक्यांचा भाव दोनदा वाढवला, आणि हे विकत नाहीत म्हणजे यांना आणखी कुणीतरी गिऱ्हाईक भेटलंय अशी त्याची खात्री झाली. तो रुसला. म्झे पाझींनी आपल्या दहा घरांची नऊ घरं झाली तर आपलं पद राहतं का, अशी वर लेखी विचारणा केली. घरात पातेली खोक्यात, ताटल्या खोक्यात. तिघं एका परातीतून जेवत होते. एडिथा शाळेतून येताना कॉम्प्युटरचा उंदीर पहिल्यांदा हातात धरणाऱ्या पोरांच्या गोष्टी घेऊन यायची, आणि कोबेलो त्या ऐकून पोट धरून हसायचे. असं पाच आठवडे चाललं.

मग बकऱ्यांनी घात केला. झुहुराबींच्या दोन बकऱ्यांना अंग घासायला नेमकी तीच भिंत सापडली. वर एक जोराची सर आली. फुलीचा एक पाय पुसट होत होत गेला आणि नुसती एक तिरकी रेघ उरली. ओट्यावर बैठक बसली.

“एक रेघ म्हणजे अर्धी फुली,” म्झे पाझी म्हणाले. “घर राहणार, फक्त ओटा जाणार.”

“ओटा गेला तर बसायचं कुठे?” टेमूने पहिल्यांदाच खरी काळजी दाखवली.

“पुसतेय म्हणजे संकट टळतंय,” झुहुराबी म्हणाल्या. “देवाने बकऱ्यांच्या रूपाने—”

“तुमच्या बकऱ्या बांधून ठेवत जा,” कोबेलो म्हणाले. त्यांचा आवाज इतका कडक निघाला की सगळे चपापले. संकट टळल्याबद्दल एवढा राग आलेला माणूस त्यांनी कधी पाहिला नव्हता.

त्या शुक्रवारी जेवताना एडिथा परातीकडे बघत म्हणाली, “कंपनीचा फोन आला होता. एक तारखेपर्यंत जागा ठेवतो म्हणाले.” मग ती म्हणाली, “झुहुराबी म्हणत होत्या, फुली पुसत चाललीये.”

 एक तारीख बुधवारी होती. स्कोलास्तिकाने नवऱ्याकडे बघितलं. ती नजर कोबेलोंना लग्न झाल्यापासून ओळखीची होती. तिचा अर्थ ‘काहीतरी करा’ असा होता.

शनिवारी कोबेलो गावाच्या दुसऱ्या टोकाला, बसस्टँडजवळच्या दुकानात गेले. टेमूकडे लाल रंग मागायची सोय नव्हती. दुकानदाराने विचारलं, कशाला रंगवायचंय. “गेट,” कोबेलो म्हणाले. त्यांच्या घराला गेट नाही. अर्धा लिटरचा डबा आणि सगळ्यात लहान ब्रश वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांनी कोंबड्यांच्या खुराड्यामागे दडवला. बासष्टाव्या वर्षी, सचोटीने पस्तीस वर्षं काटा सांभाळलेला माणूस, स्वतःच्याच घरावर पाडापाडीची खूण काढायला रंग चोरून आणत होता. ते कुणापुढे कबूल करायची त्यांची छाती नव्हती.

रविवारी सकाळी त्यांनी जाहीर केलं की गुडघा दुखतोय, मिस्सेला जमायचं नाही. स्कोलास्तिका एकही प्रश्न न विचारता निघून गेली. एडिथा तिच्याही आधी गेली होती, गाण्याच्या बायकांना लवकर बोलावलं होतं म्हणे. ओटा रिकामा होता. झुहुराबी बाजारात, टेमू चर्चमध्ये, म्झे पाझी सकाळची झोप काढायला घरी. कोबेलोंनी खुराड्यामागून पुडकं काढलं, लंगडायचं विसरून भराभर पुढच्या अंगणात आले, आणि भिंतीपुढे थबकले.

फुली पुरी झालेली होती. पुसलेला पाय पुन्हा काढला होता, आणि उरलेल्या रेघेवरूनही हात फिरवला होता. त्यांनी बोट लावलं. बोट लाल झालं. रंग ओला होता.

पावलं वाजली म्हणून ते वळले. भिंतीच्या कोपऱ्यावर एडिथा उभी होती. अंगावर गाण्याच्या बायकांचा पांढरा झगा, आणि त्याला लागू नये म्हणून उजवा हात लांब धरलेला. बोटं लाल होती.

“मिस्सा?” कोबेलो म्हणाले.

“गुडघा?” एडिथा म्हणाली.

दोघंही भिंतीकडे बघायला लागले. एकमेकांकडे बघण्यापेक्षा ते सोपं होतं.

“तुला माहीत होतं?”

“पहिल्या दिवसापासून. तार पोचत नाही, भिंतीवर फुली मारली आहे, असा मेसेज मलाच आला होता. फॉर्मवर माझा नंबर आहे.”

“मग बोलली का नाहीस?”

“काय बोलू? तुम्ही एवढं शिकवलंत, चार वर्षं दारच्या खोलीचं भाडं भरलंत. आता मोठ्या कंपनीत नोकरी लागली आणि मी म्हणू की मला नाही जायचं? तुम्ही तर सगळ्यांना सांगत होतात, जाईना का दारला.”

कोबेलोंनी हातातल्या पुडक्याकडे बघितलं. ते लपवायचं आता काही कारण नव्हतं. “मला तू जायला नको होतीस,” ते म्हणाले. “पहिल्या वेळीही नको होतीस. तेव्हाही बोललो नाही.” एवढं बोलून त्यांना दम लागला, पिंप उचलल्यासारखा. एडिथा झग्याच्या बाहीने डोळे पुसायला गेली, आणि झगा आठवून थांबली.

तेवढ्यात रस्त्याने झुहुराबी आल्या, डोक्यावर पिठाची पिशवी. ओली, टवटवीत फुली बघून त्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. बापलेकीने हात मागे घेतले.

“आले का मेले परत रविवारच्या दिवशी,” झुहुराबी म्हणाल्या. “यांना देवाचीसुद्धा भीती राहिली नाही. आता हो काय? आता पोरगी कशी जायची दारला?”

मान हलवायची तेवढी सवय कोबेलोंना झालेली होती. मानही हलायला निघाली होती. पण त्यांनी ती थांबवली.

“ती जाणार नाही, झुहुराबी,” ते म्हणाले. “आणि फुलीचा त्यात काही संबंध नाही. मीच तिला जाऊ नकोस म्हटलंय.”

झुहुराबींनी डोक्यावरची पिशवी सावरली, दोघांकडे नीट बघून घेतलं, आणि त्या बाजाराच्या दिशेने परत वळल्या. एवढी मोठी बातमी पिठाबरोबर घरी नेण्यासारखी नव्हती.